सिम्पसन वाळवंट, चार गाड्या आणि पुण्याहून आलेले आई-बाबा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेलबर्नची चार मराठी कुटुंबं: आठ मोठी माणसं, पाच मुलं, शिवाय पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. बाबा फर्ग्युसनचे, 74 वर्षांचे, मधुमेह आहे. आईंची कंबर अधूनमधून धरते. गाड्या चार: दोन जुन्या प्राडो, एक फॉर्च्युनर, एक रॅव्ह-फोर. जुलैच्या शाळेच्या सुट्टीत पश्चिमेच्या माउंट डेअरकडून सिम्पसन वाळवंटात शिरायचं आणि पूर्वेला बर्ड्सव्हिलला बाहेर पडायचं. वाळूत आजवर कोणी गाडी घातलेली नाही. जमेल का, आणि गाइड घ्यावा की आपलं आपण जावं?

उत्तर आधीच सांगून टाकतो. यंदा सिम्पसन नको. यंदा सगळ्यांनी मिळून उडनाडॅटा ट्रॅकने डलहौसीच्या गरम झऱ्यांपर्यंत जाऊन या. सिम्पसन पुढच्या वर्षी, तीन गाड्या घेऊन.

मी ॲडलेडला राहतो, मूळचा सांगलीकडचा. गेली 18 वर्षं चार-सहा गाड्यांचे छोटे गट आउटबॅकमध्ये नेतो. लोक आपापली गाडी चालवतात, मी पुढे असतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पाहिली आहे. नवखा माणूस वाळूला घाबरतो, वाळूचे व्हिडिओ बघतो, वाळूसाठी सामान घेतो. आणि अडकतो ते वजनाच्या हिशेबात. तुमचा हिशेब मांडून दाखवतो.

पिण्याचं आणि स्वयंपाकाचं मिळून माणशी रोज 5 लिटर पाणी धरा, आणीबाणीसाठी वर 2. वाळूतले चार दिवस आणि राखीव दोन, असे सहा दिवस. 15 माणसं गुणिले 7 गुणिले 6, म्हणजे 630 लिटर. पाणी आहे, तेव्हा 630 किलो. रॅव्ह-फोर वाळवंटात नेता येणार नाही (त्याचं कारण पुढे), म्हणजे हे ओझं तीन गाड्यांत: प्रत्येकी 210 किलो. माणसंही तीनच गाड्यांत, पाच-पाच; मुलं हलकी धरली तरी गाडीमागे 300 किलो. झाले 510. तुमच्या प्राडोची एकूण वाहायची मर्यादा साधारण 600 किलोच्या आसपास असते, फॉर्च्युनरचीही तेवढीच. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या कागदांत बघा. आता उरलेल्या नव्वद-शंभर किलोंत तंबू, फ्रिज, गॅस, आठवड्याचं खाणं, दुसरं जादा टायर, हत्यारं, कॉम्प्रेसर, फावडं आणि फॉर्च्युनरसाठी डिझेलचे कॅन बसवून दाखवा. कोणी पुढे जनावरांच्या धडकेपासून वाचायला स्टीलचा बुलबार लावला असेल तर त्याचंही वजन ह्यातच धरायचं. बसत नाही. आणि सात सीटच्या गाडीत मागची रांग उघडली की डिकीच राहत नाही, हे तुम्हाला लोणावळ्याच्या सहलीपासून माहीत असेल.

जास्त वजनाने काय होतं? मागच्या स्प्रिंगा बसतात, शॉक ॲब्सॉर्बर तापून गळतात, टायर फुटतात, टपावर सामान चढवलं असेल तर टेकाडावर गाडी कलंडायला वेळ लागत नाही. आणि मर्यादेपेक्षा जास्त वजन सापडलं तर विमा कंपनी हात वर करू शकते. हेच गणित पुढच्या वर्षी सहा मोठी आणि चार मुलं असं मांडून बघा: पाणी आणि माणसं मिळून गाडीमागे 330 किलोच्या आसपास येतं. सामानाला जागा राहते, चुकीलाही राहते.

आता यंदाचं. उडनाडॅटा ट्रॅक मारीपासून मार्लापर्यंत सुमारे 620 किलोमीटर, सगळा कच्चा. कोरडा असेल तर रॅव्ह-फोरसुद्धा सावकाश निघते, फक्त चांगले टायर हवेत आणि जादा चाक पूर्ण आकाराचं हवं. डिकीतलं ते बारीक, पिवळ्या सूचनेचं चाक इथे कामाचं नाही. ह्या रस्त्याला जुन्या घान रेल्वेची सोबत आहे: पडकी स्टेशनं, पाण्याच्या टाक्या, आणि अल्जेबकिनाचा 578 मीटर लांबीचा लोखंडी पूल, जो आज नुसता उभा आहे. घान हे नाव ‘अफगाण’वरून पडलं असं मानतात. रेल्वेआधी इथे सामान वाहणाऱ्या उंटवाल्यांना इथले लोक सरसकट अफगाण म्हणत, पण त्यांतले पुष्कळ जण बलुचिस्तान, पंजाब, सिंध, पेशावर ह्या भागांतले. 1860 मध्ये ऑस्ट्रेलिया दक्षिणोत्तर ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी 24 उंट कराची बंदरातून आणले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. मारीत त्या उंटवाल्यांच्या मातीच्या मशिदीची प्रतिकृती उभी आहे, दहा मिनिटं थांबून बघा.

वाटेत किनारी रस्त्यासारखा भास देत लेक आयर, म्हणजे काटी थांडा, दिसतं. समुद्रसपाटीच्या सुमारे 15 मीटर खाली, ऑस्ट्रेलियातली सर्वांत खोल जमीन. बहुतेक वर्षं ते पांढऱ्या मिठाचं ताट असतं. क्वीन्सलँडमध्ये मोठा पाऊस झाला, जसा 2025 च्या मार्च अखेरीस झाला, की ते पाणी नद्यांनी शेकडो किलोमीटर सरपटत इथे पोचतं, महिन्या-दोन महिन्यांनी. वाटेतल्या विल्यम क्रीक वस्तीहून छोटं विमान सरोवरावरून फिरवून आणतं. आई-बाबांसाठी ह्यावर पैसे खर्च करा, जमिनीवरून मिठाची विशालता कळत नाही. उडनाडॅटा गाव म्हणजे 2 जानेवारी 1960 ला 50.7 अंश नोंदलेलं ते ठिकाण. जुलैत मात्र रात्री पाणी गोठतं, तेव्हा स्लीपिंग बॅग शून्याखालच्या तापमानाची घ्या.

उडनाडॅटापर्यंत चारही गाड्या. तिथे रोडहाउसवाल्यांना विचारून रॅव्ह-फोर लावा, जड सामान तिच्यात ठेवा, आणि दोन रात्रींपुरतं घेऊन तीन गाड्यांत पाच-पाच जण डलहौसीला निघा. रस्ता दगडी आणि खडखडीत आहे, घाई करू नका. आईंना पुढच्या सीटवर, कमरेमागे उशी देऊन. पोचल्यावर सगळं विसरायला होतं. ताडासारख्या उंच बोरूच्या आणि पेपरबार्कच्या झाडीत साधारण 37 अंशांचं पाणी, पोहता येईल एवढा मोठा डोह. हे पाणी ग्रेट आर्टेशियन बेसिनमधलं, लाखो वर्षं जमिनीखालून वाहत आलेलं. बारीक मासे पायाला लुचतात. सन-क्रीम आणि साबण लावून उतरू नका, हे मासे जगात फक्त इथल्याच झऱ्यांत आहेत. पहाटे आणि संध्याकाळी डास असतात.

बाबांना इथे एक गोष्ट सांगा. ह्या झऱ्यांना डलहौसी हे नाव 1870 च्या सुमारास मिळालं ते लेडी एडिथ फर्ग्युसन यांच्या माहेरावरून. त्या लॉर्ड डलहौसीची मुलगी. 1848 मध्ये सातारा खालसा करणारा तोच डलहौसी. लेडी एडिथ यांचे यजमान सर जेम्स फर्ग्युसन तेव्हा साउथ ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर होते. पुढे 1880 ते 1885 ते मुंबईचे गव्हर्नर झाले आणि पुण्याच्या कॉलेजला त्यांचं नाव लागलं. फर्ग्युसनचा एक माजी विद्यार्थी डलहौसीच्या डोहात पाय सोडून बसलाय, हा फोटो मला पाठवा. डलहौसी म्हणायच्या आधीही त्या जागेला अर्थातच तिचं स्वतःचं नाव होतं. हा सगळा मुलूख लोअर सदर्न अरेंटे आणि वांगकांगुरू लोकांचा आहे, आणि विटजिरा राष्ट्रीय उद्यान त्यांच्या सहभागाने चालतं.

बाबांचं इन्सुलिन असेल तर ते गाडीच्या फ्रिजमध्ये ठेवताना तापमान बघत राहा. कॅम्पिंगचे फ्रिज तळाशी सहज गोठवतात आणि गोठलेलं इन्सुलिन फेकावं लागतं. औषधं दुप्पट, दोन वेगवेगळ्या गाड्यांत. पाहुण्यांच्या आरोग्यविम्यात दुर्गम भागातून हलवण्याचा खर्च आहे का, हे लेखी विचारून घ्या.

आणि दोन दिवस मोकळे ठेवा. हे सगळ्यात कमी पाळलं जाणारं सांगणं आहे. इथे जरासा पाऊस झाला तरी रस्ते बंद होतात, कारण माती चाकाला चिकटून चाक फिरेनासं होतं. कोकणातला लाल चिखल निदान घसरवतो, हा धरून ठेवतो. बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड होतो आणि तुमच्या चाकोऱ्या पुढे महिनोन्‌महिने सगळ्यांना छळतात. मी एकदा विल्यम क्रीकला तीन दिवस अडकलो होतो, गटातले दोघे सोमवारच्या मीटिंगसाठी तळमळत. त्यानंतर मी रविवारी संपणारी सहल आखत नाही.

आता पुढच्या वर्षीचं सिम्पसन. आधी गाडीबद्दल. रॅव्ह-फोर चांगली गाडी आहे, पण तिला लो रेंज (सावकाश पण जास्त ताकदीने चालवणारे गिअर) नाही आणि पोट जमिनीला जवळ आहे. सिम्पसनच्या चाकोऱ्यांमधला मधला उंचवटा तिच्या पोटाला लागेल आणि चारही चाकं लोंबकळतील. त्या कुटुंबाला यायचंच असेल तर तयार फोर-व्हील-ड्राइव्ह भाड्याने मिळते, पण ‘सिम्पसन वाळवंट चालेल’ असं करारात लिहिलेलं हवं. तोंडी ‘नो वरीज’वर जाऊ नका, बहुतेक भाड्याच्या गाड्यांना कच्चा रस्तासुद्धा मना असतो.

वाळवंट सुमारे पावणेदोन लाख चौरस किलोमीटरचं, आणि त्यात एकामागून एक समांतर 1,100 हून अधिक टेकाडं. ती साधारण उत्तर-दक्षिण पसरलेली, तेव्हा पूर्व-पश्चिम जाणाऱ्याला एकेक चढून उतरावीच लागतात. पश्चिमेची बाजू सौम्य आहे, पूर्वेची उभी. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने माउंट डेअरकडूनच शिरावं, तुमची दिशा बरोबर आहे. पश्चिमेला टेकाडं बुटकी आणि दाट, पूर्वेकडे उंच होत जातात आणि अंतर वाढतं, म्हणजे शाळेसारखी इयत्तावार चढण. शेवटी बर्ड्सव्हिलच्या अलीकडे 35 किलोमीटरवर बिग रेड, सुमारे 40 मीटर उंच. फ्रेंच लाइन हा सरळ रस्ता 1960 च्या दशकात तेल शोधणाऱ्या फ्रेंच कंपनीने काढला. त्याआधी, 1962 मध्ये, रेग स्प्रिग हे भूगर्भशास्त्रज्ञ बायको आणि दोन मुलांना घेऊन निसान पॅट्रोल गाडीने हे वाळवंट पार करून गेले. मोटारीने केलेलं ते पहिलं पारगमन. 1936 मध्ये टेड कोल्सन आणि पीटर एन्स उंटांवरून गेले होते. आणि ह्या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून वांगकांगुरू लोक ‘मिकिरी’ म्हणजे वाळूत खोल खणलेल्या विहिरींच्या आधाराने इथे राहत होते, जवळजवळ 1900 पर्यंत. मुलांना हे वाटेत सांगा, नाहीतर ती चौथ्या टेकाडानंतर ‘अजून किती’ सुरू करतात.

गाडी चालवण्याचं अर्धं कौशल्य हवा कमी करण्यात आहे. डांबरी रस्त्यावर तुमच्या टायरमध्ये 36-38 पीएसआय असेल, दगडी कच्च्या रस्त्यावर 26-28 करा, वाळूत 16-18. टायर चपटा होऊन लांब पाऊल टाकतो, उंटाच्या पायासारखा. लोक सांगितलं तरी हवा काढत नाहीत, कारण पुन्हा भरायचा कंटाळा येतो. मग जोर लावून चढतात, चाकं उड्या मारतात आणि चढावर खड्ड्यांची माळ तयार होते; पुढच्या प्रत्येकाला ती भोगावी लागते. टेकाड पहिल्या झटक्यात नाही चढलं तर वेग वाढवायच्या आधी आणखी 2 पीएसआय काढा. कमी हवेत ताशी 40 किलोमीटरच्या वर जाऊ नका आणि वळण तीव्र घेऊ नका, टायर रिममधून निसटतो.

लो रेंजमध्ये दुसरा किंवा तिसरा गिअर, चढाच्या आधी वेग धरायचा, वर येताना पाय हलका करायचा, कारण माथ्यापलीकडे काय आहे हे दिसत नाही. अर्ध्यात थांबलात तर चाकं गरगर फिरवू नका, गाडी स्वतःची कबर खणते. सरळ रिव्हर्स टाकून आपल्याच चाकोरीतून खाली या. उतारावर गाडी आडवी वळवणं हे सिम्पसनमध्ये उलटण्याचं सर्वांत सोपं कारण. एकदा आमच्या गटातल्या एका निवृत्त बँक मॅनेजरांनी पहिल्या दिवशी सात वेळा एकच टेकाड चढायचा प्रयत्न केला. आम्ही वर चहा करून पीत होतो. आठव्यांदा हवा 14 वर आणली आणि ते अलगद वर आले, चेहऱ्यावर थोडा राग घेऊन.

झेंडा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे, वरचं टोक जमिनीपासून साडेतीन मीटरवर, भडक रंगाचा. समोरून येणाऱ्याला तुमची गाडी दिसायच्या आधी झेंडा दिसतो. गाड्यांना आपसात बोलायला यूएचएफ रेडिओ गाडीत बसवलेला, 5 वॅटचा घ्या. हातातले छोटे टेकाडांमध्ये दोन-तीन किलोमीटरवर मुके होतात. सिम्पसनमध्ये सगळे चॅनेल 10 वर असतात. दर काही टेकाडांनी पुढच्या गाडीने बोलायचं: तीन गाड्यांचा ताफा, पूर्वेकडे जातोय, अमुक ठिकाणी आहोत. गप्पा मारायला दुसरा चॅनेल घ्यायचा मोह होतो, आवरा. आपल्या लोकांना रेडिओ मिळाला की अंताक्षरी सुरू होते, हे मी अनुभवाने सांगतोय.

ताफ्याचा क्रम असा: सर्वांत अनुभवी पुढे, सर्वांत कच्चा मध्ये, आणि बऱ्यापैकी सराव झालेला, डोकं शांत असलेला मागे. लोक दुसरा अनुभवी माणूससुद्धा पुढेच घालतात आणि शेवटची गाडी अडकते तेव्हा तिला ओढायला मागे कोणी नसतं. पुढची गाडी माथा ओलांडून ‘मोकळं’ म्हणेपर्यंत मागच्याने चढ धरायचा नाही. आणि फाटा आला की मागची गाडी आरशात दिसेपर्यंत फाट्यावरच थांबायचं. हा नियम मी स्वतः एकदा मोडला. नोल्स ट्रॅकचा फाटा होता, उन्हं उतरत होती, मी सरळ फ्रेंच लाइनवर पुढे गेलो, दुसरी गाडी माझ्यामागे आली, तिसरी उजवीकडे दक्षिणेला वळली. तिचा रेडिओ मुलाने गाणी ऐकायला बारीक केला होता. तीन तास गेले तिला शोधण्यात, अंधारात. ती सापडली ती त्या बाईंनी गाडी थांबवून एका टेकाडावर चढून टॉर्च हलवल्यामुळे. चूक माझी होती. तेव्हापासून फाट्यावर मी गाडीतून उतरून उभा राहतो.

डिझेल. माउंट डेअर ते बर्ड्सव्हिल, डलहौसीवरून, 500 किलोमीटरच्या आसपास, मध्ये पंप नाही. वाळूत 100 किलोमीटरला 20 लिटर धरा. झाले 100 लिटर, त्यावर 30 टक्के राखीव. तुमच्या जुन्या प्राडोला दोन टाक्यांत मिळून 150 लिटर मावतं, तिला अडचण नाही. फॉर्च्युनरची टाकी 80 लिटरची, तिला 20 लिटरचे तीन कॅन, आणि ते टपावर नकोत. पेट्रोल गाडी असती तर मी आणखी बरंच वाढवून सांगितलं असतं. आणखी एक: पेट्रोल गाड्यांच्या तापलेल्या एक्झॉस्टजवळ स्पिनिफेक्सचं वाळलेलं गवत अडकून आग लागते, डिझेलचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करत असतानाही हा धोका आहेच. दर थांब्याला खाली वाकून बघायचं, हाताशी अग्निशामक ठेवायचा.

ओढून काढण्याबद्दल जरा जास्तच आग्रहाने लिहितो. अडकलात तर आधी फावडं, मग चाकाखाली घालायच्या मॅक्सट्रॅक्ससारख्या पाट्या. दहापैकी नऊ वेळा एवढ्यावर भागतं. स्नॅच स्ट्रॅप, म्हणजे गाडी ओढायचा लवचिक पट्टा, ताणला जाऊन झटका देतो, म्हणून तो फक्त दोन्ही गाड्यांच्या मजबूत, वजनाची खात्री दिलेल्या हुकांना लावायचा. टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, कधीही नाही. तो गोळा तुटून तोफेसारखा उडतो. ऑस्ट्रेलियात माणसं मेली आहेत ह्याने. स्ट्रॅप लावला की मुलांना दोरीच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर, बाजूला उभं करा. व्हिडिओ काढणारा काका त्यांच्याही मागे.

संपर्क: माउंट डेअर सोडलं की बर्ड्सव्हिलपर्यंत मोबाइल नाही. गटात एक सॅटेलाइट फोन आणि एक पीएलबी, म्हणजे 406 मेगाहर्ट्झवर संकट कळवणारा छोटा बीकन, एवढं किमान हवं. बीकनची नोंदणी फुकट होते, ती करा. म्हणजे कॅनबेराच्या बचाव केंद्राला कळतं की कोण आणि किती जण. चौदापासून पुढच्या आयफोनमधून उपग्रहाने मदत मागता येते, ते जादा समजा, मुख्य नाही. आणि एक आपल्या लोकांसाठी खास सूचना: सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहाने संदेश पाठवणारं यंत्र आई-बाबांच्या बॅगेतून भारतात जाऊ देऊ नका. परवानगीशिवाय बाळगणं तिथे गुन्हा आहे, परदेशी प्रवाशांना विमानतळावर अडवलं गेलंय, गोव्यातसुद्धा.

गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबायचं. 1963 च्या डिसेंबरात बर्ड्सव्हिल ट्रॅकवर पेज कुटुंबातले पाच जण इंधन संपल्यावर गाडी सोडून चालत निघाले आणि उन्हाने गेले. गाडी सापडते, चालणारा माणूस विमानातून दिसत नाही. सिम्पसन 1 डिसेंबर ते 15 मार्च दर वर्षी बंद असतं ते ह्याच उन्हामुळे. जुलैत तो धोका कमी, पण हे वाक्य मुलांकडूनही पाठ करून घ्या.

गाइडचं. पहिल्या वेळेला घ्या. मी हा धंदा करतो म्हणून नाही. तीन गाड्यांत एकालाही वाळूचा अनुभव नसेल तर क्रम लावायला पुढे बसवणार कोण? टॅग-अलाँग म्हणतात त्या प्रकारात गाइडची गाडी पुढे, तुम्ही आपल्या गाड्यांतून मागे. निवडताना चार प्रश्न विचारा: गटात गाड्या जास्तीत जास्त किती (सहाच्या वर असतील तर सोडा, शेवटच्याला दिवसभर धूळ आणि वाट बघणं एवढंच मिळतं), उद्यानात व्यवसाय करायचा परवाना आहे का, गाडी वाटेत मोडली तर नेमकं काय करता, आणि मागच्या वर्षी किती वेळा परत फिरलात. शेवटच्या प्रश्नाला ‘एकदाही नाही’ असं अभिमानाने सांगणारा मला आवडत नाही. सिम्पसनमधून मोडकी गाडी बाहेर काढायला हजारो डॉलर लागतात, आणि तुमच्या नेहमीच्या रस्त्यावरच्या मदतीच्या योजनेत हे बहुधा बसत नाही. गाइड नकोच असेल तर निदान दोन दिवसांचा वाळूचा कोर्स सगळ्या चालवणाऱ्यांनी करा. बायकांनीही, कारण चौथ्या दिवशी नवरे थकलेले असतात. माझ्या गटांत वाळूत उत्तम गाडी नेहमी त्यांनीच चालवली आहे, बहुतेक त्या हवा काढायला लाजत नाहीत म्हणून.

ट्रेलर आणू नका. मागचं ओझं टेकाडावर गाडीला खाली खेचतं, चाकोऱ्या उद्ध्वस्त होतात.

कागदपत्रं दोन ठिकाणची: साउथ ऑस्ट्रेलियाचा डेझर्ट पार्क्स पास, आणि पोपेल कॉर्नर ओलांडल्यावर क्वीन्सलँडच्या उद्यानात रात्र काढायची तर त्यांचा कॅम्पिंग परवाना. पोपेल कॉर्नर म्हणजे साउथ ऑस्ट्रेलिया, क्वीन्सलँड आणि नॉर्दर्न टेरिटरी यांच्या सीमा जुळतात तो खांब, तिथे सगळे खांबाभोवती फेर धरून तिन्हीकडे पाय लावून येतात, तुम्हीही कराल. पुढे आयर क्रीकला पाणी असेल तर उत्तरेकडून लांबचा वळसा घ्यावा लागतो. माउंट डेअरला निघण्यापूर्वी विचारा आणि डिझेलमध्ये तो वळसा धरा.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत पण आपल्या गटात भांडणं तिथेच होतात. व्हिक्टोरियातून साउथ ऑस्ट्रेलियात येताना फळं, टोमॅटो, मिरच्या आणता येत नाहीत, फळमाशीमुळे. सीमेवर काढून घेतात. टोमॅटो-मिरच्या ॲडलेडला किंवा पोर्ट ऑगस्टाला घ्या. भाजणी, मेतकूट, पोहे, डाळ-तांदूळ, छोटा कुकर, बस. वाऱ्यात गॅसला आडोसा लागतो, तो विसरतात. संध्याकाळी चारला कॅम्प लावा. जुलैत सहाच्या सुमारास अंधार पडायला लागतो, आणि अंधारात कांदा चिरताना कोणाचं तरी बिनसतं. वाळवंटात लाकडं गोळा करू नका, पडलेल्या ओंडक्याखाली पाली आणि किडे राहतात. शौचाला कॅम्पपासून आणि वाटेपासून लांब, हातभर खोल खड्डा. कागद पिशवीत घालून परत आणायचा. छोटा घडीचा कमोड आणि उभा तंबू आणलात तर उत्तमच.

पहिली तालीम जवळच करा: मेलबर्नहून लिटल डेझर्टमध्ये एक लाँग वीकेंड, तिन्ही गाड्या भरलेल्या, पाण्यासकट. निघण्यापूर्वी वाटेतल्या काट्यावर प्रत्येक गाडीचं वजन करा आणि आकडे मला कळवा. त्यावरून कोणाचं काय उतरवायचं ते सांगतो.